जहाजाचा कार्यभार

माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं, अगदी समुद्राला लागून. बापाची होडी होती, चुलत्याची होडी होती, शेजारच्या चार घरांच्या होड्या होत्या. पण जहाजावर खराखुरा जीव लावणारा माणूस मला उभ्या आयुष्यात एकच भेटला, आणि तो भेटला वर्ध्याला, जिथं समुद्र कुठल्याच दिशेला नाही. ते आमचे घरमालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी समुद्र पाहिला नव्हता, होडीत पाय ठेवला नव्हता, आंघोळीलाही ते बादलीपेक्षा जास्त पाण्याच्या भानगडीत पडत नसत. तरी त्यांच्या मालकीचं दोनशे खणांचं मालवाहू जहाज होतं आणि ते ताऱ्यांमधून चालत असे.

हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, हे आधीच सांगून टाकते. मलाही ते कळायला चार महिने लागले. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. काकांचा मुलगा बंगळूरला नोकरीला लागला आणि जाताना आपला कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. काका तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. कुणीतरी त्यांना एक खेळ दाखवला. जगभरची माणसं एकाच वेळी तो खेळतात, प्रत्येकाचं एकेक जहाज असतं, ते आपल्या मनासारखं बांधायचं, सजवायचं, माल भरून एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे न्यायचं, आणि वाटेत लुटारू भेटले तर जीव घेऊन पळायचं. लुटारूही माणसंच, कुठल्यातरी देशात खुर्चीत बसलेली. इतर लोक हा खेळ लढायला खेळत. काका जहाज बांधायला खेळत. लढाईचं त्यांना कौतुक नव्हतं. "भांडाले काय अक्कल लागते? बांधाले लागते," असं ते म्हणत.

त्याला कारण होतं. तीस वर्षं ते एका सरकारी खात्यात आरेखक होते. साहेबाने आकडे द्यायचे, यांनी नकाशा काढायचा. एका कालव्याचा नकाशा त्यांनी सतरा वेळा काढला होता आणि तो कालवा शेवटपर्यंत कागदावरच वाहिला. दुसऱ्याच्या मनातलं तीस वर्षं काढल्यावर आता स्वतःच्या मनातलं काढायला मिळालं, तर माणूस थोडा वाहवणारच. पण वाहवतानाही त्यांची शिस्त सुटली नाही. जहाजाचा साधा दिवा बदलायचा तरी आधी आलेख कागदावर नकाशा काढला जाई. मग त्यावर टिपणी लिहिली जाई: 'सध्याचे इंजिन जड असल्याने सहा खण वाया जातात, सबब हलके इंजिन बसविणे योग्य होईल.' मग त्या टिपणीला जावक क्रमांक पडे आणि ती मंजुरीसाठी स्वयंपाकघरात काकूंकडे जाई.

काकू म्हणजे त्या घरातल्या सर्वोच्च अधिकारी. कणकेच्या हातांनी कागद लांब धरून त्या वाचत, आणि खाली पेनाने लिहीत: 'मंजूर. आधी दळण आणावे.' किंवा 'फेरसादर करावे. पाहुणे आहेत.' एकदा तर 'इंजिन आत्ताच बदलले होते, कारणे दाखवा' असा शेरा आला आणि काका दोन दिवस कारणं लिहीत बसले. त्या सगळ्या टिपण्यांची एक जाड फाईल होती. मी एकदा भीतभीत विचारलं, काकू, हे तुम्ही खरंच वाचता? तर म्हणाल्या, "वाचतो ना पोरी. चाळीस वर्षं झाले, हा माणूस मले काही विचारूनच नाई राह्यला होता. आता इंजिनाचं का होईना, विचारून तर राह्यला."

आम्ही त्यांच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. माझा नवरा जामजवळच्या एका कारखान्यात फिटर. पाळीच्या आठवड्यात तिकडेच राहायचा. मी ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश शिवायची. सातवीत शाळा सुटलेली, गाव इतकं लांब की पत्र पोचेपर्यंत त्यातली आजारी माणसं बरी झालेली असत, आणि स्वभाव असा की दाराची कडी वाजली तरी माझ्या हातातली सुई खाली पडायची. फोनची घंटा वाजली की माझ्या मनात गावचं एकेक माणूस मरून जाई. त्या घरात फोनची घंटा फारशी वाजत नसे, हा काकांचा माझ्यावरचा पहिला उपकार. त्या वेळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरूनच चालायचं आणि काका ताऱ्यांत असले की फोन अडलेला असायचा. मुलाने बंगळूरहून तक्रार केली की तुम्हाला फोन लागतच नाही. काका म्हणाले, "पत्र लिही. नकाशे पोस्टानंच जात होते."

भिंतीवर दोन घड्याळं होती. एकाखाली पट्टीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं 'खालची वेळ', दुसऱ्याखाली 'वरची वेळ'. वरची म्हणजे खेळातली. जगभरची माणसं खेळतात म्हटल्यावर सगळ्यांची मिळून एकच वेळ ठरलेली असायची आणि काकांचं सगळं तिच्यावर चाले. "वरच्या टाइमानं जेवान का खालच्या?" असं काकू रोज विचारत आणि उत्तराची वाट न पाहता ताट वाढत. शिवाय त्या खेळात नुसतं बसून भागत नसे, विद्या शिकावी लागे. भारी इंजिन चालवायची विद्या शिकायला टाकली की ती एकेचाळीस दिवसांनी पुरी होणार. कॉम्प्युटर बंद असो, माणूस झोपलेला असो, विद्या आपली शिकतच असते, फक्त मधून मधून जाऊन पुढे चालू ठेवण्याचं बटण दाबायचं. काका ते एकेचाळीस दिवस कॅलेंडरवर दुधाच्या रतिबासारखे खोडत. मी म्हटलं, एवढा वेळ? माझी शाळा सातवीतच सुटली, ती या असल्याच कंटाळ्याने. खरं कारण ते नव्हतं, आई अंथरुणाला खिळली होती. पण मी तसं म्हटलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बेटा, विद्या सुटत नसते. बटण दाबायचं राह्यलं असंन, तर ते कधीबी दाबता येते." मग पुन्हा जहाजात डोकं घालून बसले. त्यांना वाटलं ते खेळाबद्दलच बोलले.

जहाजात माल कसा रचावा, हा त्यांच्या अभ्यासाचा खास विषय. त्यासाठी ते एसटीने जामला जात. जाम म्हणजे हायवेचा फाटा, ट्रकच ट्रक. ढाब्यासमोर हे पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, हातात कागदाची पॅड घेऊन उभे राहत आणि कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकांची चित्रं काढत. माझा नवरा एकदा तिथं होता म्हणून ही गोष्ट मला कळली. एक ड्रायव्हर धावत चहा घेऊन आला.

"साहेब, गाडीचे कागद बराबर आहेत. माल थोडा वर गेला, पण बांधून आहे."

"अरे बाबा, मी आरटीओचा नाई. मले जहाज भरायचं आहे."

"जहाज? इकडे कुठं आलं जहाज?"

"वर्ध्याच्या वर."

"वर म्हंजे, नागपूरले?"

"त्याच्याही वर," काका म्हणाले आणि बोटाने आभाळ दाखवलं. ड्रायव्हरने चहा तसाच बाकावर ठेवला आणि माल अर्धा हात खाली उतरवून घेतला. असा साहेब त्याला आरटीओपेक्षा भयंकर वाटला असणार.

माझा त्या जहाजाशी संबंध आला तो रंगापायी. काकांना रेषा कळत, रंग कळत नसत. तीस वर्षं काळ्या शाईत गेलेली. एके दिवशी ते माझ्या मशीनपाशी आले, कापडाच्या चिंध्यांकडे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "बेटा, दोनशे खणांचं जहाज हाये. अंगानं लांब, पोटात फुगीर. त्याले काय शोभंन?" प्रश्न इतका गंभीरपणे विचारला होता की मी गिऱ्हाइकाला द्यावं तसं उत्तर दिलं: अंगाने भारी असेल तर गडद रंग घ्या, उभी कड द्या, आणि पोटावर आडवा पट्टा मुळीच नको. मोरपंखी अंग आणि शेंदरी कड असं ठरलं. रंग लावल्यावर मला दाखवायला बोलावलं. मी पहिल्यांदा त्या पडद्यापुढे उभी राहिले. काळ्याभोर आभाळात माझ्या चिंधीच्या रंगाचं एवढं मोठं जहाज सावकाश वळत होतं. मला उगीचच रडू आलं. आमच्याकडे नवी होडी पाण्यात घालताना नारळ फोडतात, असं मी सांगितलं मात्र, काका नारळ घेऊन कॉम्प्युटरपुढे उभे. काकूंनी तो हातातून काढून घेतला आणि उंबऱ्यावर फोडला. "त्याच्या अंगावर पाणी उडालं तर जहाज बुडंन ना," त्या म्हणाल्या.

त्या जहाजावर एकही तोफ नव्हती. तोफांच्या जागी काकांनी दिवे बसवले होते. एका खणाला त्यांनी देवघर म्हणून नाव दिलं आणि मग देवघराचं तोंड पूर्वेला हवं म्हणून आपल्या टोळीतल्या खेळाडूंना विचारलं की अवकाशात पूर्व कुठली. त्यावर म्हणे देशोदेशींच्या माणसांनी आठवडाभर वाद घातला. त्या टोळीत चाळीसेक जण होते, बहुतेक काकांच्या नातवांच्या वयाचे. ते काकांना 'ग्रँडपा' म्हणत. आधी त्यांनी काकांच्या बिनतोफेच्या जहाजाची चेष्टा केली. मग त्यांच्या ध्यानात आलं की तेवढ्याच जहाजात हा म्हातारा त्यांच्या दीडपट माल बसवतो. तेव्हापासून ते आपापल्या जहाजांचे आराखडे काकांकडे तपासायला पाठवू लागले. काका ते कागदावर उतरवून घेत, लाल शाईने दुरुस्त्या करत आणि उलट कळवत. सरकारी नोकरीत त्यांच्या कागदावर इतरांनी लाल शाई मारली होती. आता लाल शाई त्यांच्या हातात होती, पण ती ते फार जपून वापरत. "पोरं आहेत, दिल मोडू नये," म्हणत.

एकदा आम्ही सगळे गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला गेलो होतो. सगळी माणसं खालची शेतं बघत होती. काका भर दुपारी डोळ्यावर हात धरून वर बघत होते. "काय बघता?" काकूंनी विचारलं. "काई नाई. या बाजूले असंन म्हटलं." काकूंनी मला हळूच सांगितलं, "डोळ्यानं तर समोरची बस दिसून नाई राह्यली, अन् जहाज पाह्यते." तेव्हाच आम्हाला कळलं की डोळ्यात मोतीबिंदू आहे.

आता खरी गोष्ट. काकांची टोळी जुना तारा सोडून दूरच्या ताऱ्याकडे बिऱ्हाड हलवत होती. काकांनी तीन वर्षांत जमवलेला सगळा माल जहाजात भरला, नऊ दिवसांचा प्रवास मांडला आणि जहाज सोडलं. वाटेत थांबा नाही, आमच्या विनाथांबा एसटीसारखं. फक्त रोज सकाळी सहा, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला, खालच्या वेळेने, 'पुढे' हे बटण दाबायचं. ते चुकलं तर जहाज जिथल्या तिथं उभं राहणार आणि लुटारूंच्या तोंडी जाणार. जहाज पाच दिवस चाललं आणि डोळ्यांच्या दवाखान्यातून निरोप आला, दुसऱ्या कुणाची तरी तारीख रद्द झाली, उद्या भरती व्हा. साखरेचा आजार होता म्हणून तीन दिवस ठेवून घेणार होते. काकांनी तारीख पुढे ढकलायचा प्रस्ताव लिहिला. काकूंनी तो चुलीत घातला. "जहाज पुन्हा बांधता येते. डोया नाई बांधता येत."

काकू तर दवाखान्यात सोबत जाणार. मग राहिलं कोण? माझा नवरा पाळीवर. काका संध्याकाळी माझ्या दारात आले, इस्त्रीचा सदरा घालून. हातात कागद होता. वर लिहिलं होतं 'कार्यभार हस्तांतरण अहवाल'. साहेब बदलून गेला की नव्या साहेबाला कपाटाच्या किल्ल्यापासून खुर्च्यांपर्यंत सगळं मोजून देतात, तसा. त्यात जहाजाचे खण, इंजिनं, दिवे, माल यांची यादी होती. खाली सूचना होत्या. सातवी सूचना: 'अनोळखी जहाज जवळ आले व काही लिहिले तर लुटारू समजावे.' आठवी: 'अशा वेळी लाल बटण दाबावे. माल सांडेल, पण जहाज वाचेल.' सगळ्यात खाली दोन सह्यांच्या जागा: कार्यभार देणार, कार्यभार घेणार.

मी म्हटलं, काका, मला कॉम्प्युटर येत नाही. मी सातवी शिकलेली. माझ्या हातून बुडालं तर?

"रंग कोणं देला?"

"मी."

"मंग सही कर."

शाळेत फी भरल्याची सही सोडली तर मी कुठल्याच कागदावर सही केली नव्हती. सगळीकडे नवऱ्याचीच चाले. माझी सही वाकडी आली. काकांनी ती वाळेपर्यंत फुंकर मारली.

पहिला दिवस बरा गेला. सकाळचं बटण दाबलं. दुपारी बाराला लोडशेडिंग होतं, पण त्याची तरतूद सूचना क्रमांक तीनमध्ये होती: ट्रॅक्टरची बॅटरी आणि इन्व्हर्टरची पेटी पलंगाखाली. संध्याकाळचं बटण दाबलं. मधल्या वेळात एकही ब्लाउज सरळ शिवला गेला नाही. लहानपणी आई आम्हाला घेऊन किनाऱ्यावर बसायची, बापाची होडी दिसेपर्यंत. तेव्हा करण्यासारखं काहीच नसायचं. इथं निदान बटण होतं, पण त्यामुळे भीती कमी झाली नाही, वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बॅटरी जोडून पडदा लावला. आपल्या मोरपंखी जहाजाभोवती सहा जहाजं उभी होती. अगदी जवळ. पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं उजळत होती, विझत होती. सूचना सात. माझं बोट लाल बटणाकडे गेलं. दाबलं की जहाज वाचणार, पण तीन वर्षांचा माल आभाळात सांडणार. न दाबावं तर दोन्ही जाणार. मी 'पुढे' दाबलं. सहाही जहाजं बरोबर चालू लागली. मला वाटलं, हे आता सोडत नाहीत.

पण मी शिवणकाम करणारी बाई. कापण्याआधी दोनदा मोजायचं, हे माझ्या हाडात. कापलेलं कापड परत जोडता येत नाही. मी बोट मागे घेतलं, खडूने कापडावर नक्षी उतरवते तशी ती अक्षरं कागदावर उतरवली, एकेक आकार, आणि ऑटो करून दवाखान्यात गेले.

काका खाटेवर उताणे, एका डोळ्यावर पट्टी, दुसराही मिटून ठेवायला सांगितलेला. मी रडतच सांगितलं की लुटारू आले. वॉर्डात दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या एकेका डोळ्याला पट्टी, सगळे उठून बसले. काकू म्हणाल्या, "आधी बस. पाणी पी." काका म्हणाले, "वाच."

"डब्ल्यू. एच. ई. आर. ई."

"पुढे."

"आय. एस."

"पुढे वाच."

"जी. आर. ए. एन. डी. पी. ए." मी सगळी अक्षरं वाचून दाखवली.

"काय म्हणून राह्यले लुटारू?" शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"विचारून राह्यले," काका म्हणाले, "ग्रँडपा कुठं आहे." मग एकदम साहेबासारखं मला विचारलं, "जहाजं कशी होती? रंग सांग."

रंग मला पाठच होते. एक विटकरी, पोटाखाली पांढरी पट्टी. एक राखाडी, पिवळी कड. एक जांभळं, शेपटाशी फिकट. चौथ्याचा सांगायच्या आत काकाच म्हणाले, "हिरवं असंन, नाकाले तांबडा ठिपका."

"हो."

"आपलीच पोरं आहेत ती. मीच पास केलते त्यांचे नकाशे. टोळीसोबत पुढे निघून गेलते, मले दोन दिवस बोलताना पाह्यलं नाई म्हणून परत आले." त्यांच्या मिटल्या डोळ्यातून पाणी आलं आणि काकू ओरडल्या, "डोयाले पाणी लावू नका म्हटलं ना डॉक्टरनं!"

उत्तर काका सांगू लागले: आपल्या संदेशाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की... मी म्हटलं, काका, मला एवढं जमणार नाही, चिंधीएवढं सांगा. मग त्यांनी दोनच शब्द सांगितले, अक्षरं एकेक करून, आणि मी ते हातावरच लिहून घेतले. पहिला 'आय', म्हणजे डोळा, आणि दुसरा 'कमिंग', म्हणजे येतो आहे. संध्याकाळी सहाला एका बोटाने मी ते टाइप केले. मग एकेक करून सहाही जहाजांनी आपले सगळे दिवे लावले. तेवढ्यावर न थांबता दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सहाची चौदा झाली होती. मोरपंखी जहाज मध्ये आणि भोवती चौदा, लग्नाच्या वऱ्हाडासारखी. नवव्या दिवशी ते वऱ्हाड ठिकाणाला पोचलं. एक खणही रिकामा झाला नव्हता.

काका काळा चष्मा लावून घरी आले ते थेट माझ्या दारात. कार्यभार परत घेतला. यादीप्रमाणे खण मोजून, मी वाचत गेले आणि ते मान हलवत गेले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'जहाज सुस्थितीत प्राप्त. सूचना क्र. ७ व ८ रद्द.' तो कागद फाईलला लावला आणि दुसरी प्रत मला दिली. त्या पावसाळ्यात मी शाळेच्या बाईंना विचारून दहावीचा बाहेरून बसायचा फॉर्म भरला. तो भरताना सही सरळ आली, याचं श्रेय मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

पुढे तीन वर्षांनी दुसरा डोळा आणि छातीचं दुखणं दोन्ही एकदम निघालं आणि मुलगा त्यांना बंगळूरला घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून दारात. या वेळी कागद छोटा होता. जहाज बंदरात उभंच होतं, फक्त एक लांबलचक विद्या शिकायला टाकली होती, तिचं बटण आठवड्यातून एकदा दाबायचं. "महिन्याभरात येतो," म्हणाले. सूचना एकच: 'अनोळखी कोणी आले तर नाव विचारावे.' मी सही केली. त्यांनी फुंकर मारली.

महिन्याने काकू एकट्या आल्या, घर आवरायला. मुलगा घर विकणार होता. भिंतीवरची दोन्ही घड्याळं त्यांनी स्वतः उतरवली. वरच्या वेळेचं अजून चालूच होतं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "पोरी, त्या पोराइले सांगाले पाह्यजे ना वो. वाट पाहून राह्यले असतील." आम्ही दोघी कॉम्प्युटरपुढे बसलो. माझं जुनं उत्तर तिथं तसंच होतं, 'कमिंग'. मी तोच शब्द पुन्हा टाइप केला आणि त्याच्या आधी तीन अक्षरं घातली, नकाराची: एन. ओ. टी. दिवे लागले. किती जहाजं होती ते मी मोजलं नाही. काकू म्हणाल्या, "मोरपंखी छान दिसते," आणि पदर डोळ्याला लावला.

तो खेळही नंतर बंद पडला, असं ऐकलं. आम्हीही वर्धा सोडलं. आता दुसऱ्याच गावात माझं शिवणाचं दुकान आहे, तिथूनही समुद्र लांबच आहे. तो छोटा कागद माझ्या ट्रंकेत दहावीच्या गुणपत्रिकेखाली आहे. त्यावर देणाऱ्याची सही आहे, घेणाऱ्याची सही आहे. परत मिळाल्याच्या सहीची जागा त्यांनी पट्टीने आखून ठेवली होती, ती कोरी आहे. नियमाने पाहिलं तर जहाज अजून माझ्याकडेच आहे.